शनिवारी तळ्याकडे सरकणारी घरे

त्या हिवाळ्यात कुईक्का तळ्याच्या रस्त्यावरील चौदा टपालपेट्यांपैकी अकरा पडल्या. अकराही शनिवारी पडल्या.

रस्ता तळ्याच्या पश्चिम काठाने साडेतीन मैल उत्तरेकडे जातो. घरे सगळी उजव्या हाताला, रस्ता आणि पाणी यांच्या मधल्या पट्टीत आहेत. प्रत्येक घराची पेटी त्याच्या वाटेच्या तोंडाशी खांबावर उभी असते. पलीकडे नुसते जंगल आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत सुपीरियर सरोवरावरून वारा येतो आणि रोजच्या रोज थोडे थोडे जग पुसत जातो. आधी कुंपणे जातात, मग पायऱ्या, मग खिडक्यांची खालची तावदाने. पेट्या तेवढ्या उरतात, कारण त्यांच्याभोवतीचा बर्फ माणसे फावड्याने काढत राहतात. टपाल आले नाही तर इकडच्या माणसाला आपण खरोखर आहोत की नाही अशी शंका येऊ लागते.

पेटी पडली की घरमालक जिल्ह्याच्या रस्तेखात्याकडे तक्रार पाठवतो आणि ती माझ्या टेबलावर येते. मी खाणविद्यालयात भूभौतिकी शिकले. मी शिकून बाहेर पडले त्याच वर्षी शेवटची खाण बंद झाली, म्हणून खडकाऐवजी पेट्या मोजते. पेटीची रस्त्यापासूनची उंची, कडेपासूनचे अंतर, खांबाचा बुंधा कुजका की सशक्त, एवढे मी टिपून घेते. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या खात्याच्या गाडीचे पाते पेटीला प्रत्यक्ष लागले असेल तर खाते नवी पेटी आणि नवा खांब देते. गाडीने उडवलेल्या बर्फाच्या माऱ्याने पडली असेल तर देत नाही, कारण बर्फ आकाशातून येतो आणि आकाश खात्याच्या अखत्यारीत नाही. हे शेवटचे नियमात लिहिलेले नाही. पण लोकांना समजते. तक्रारीच्या कागदावर तळाशी 'कारण' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे तीन चौकटी असतात : पाते, बर्फ, इतर. चौदा वर्षांत 'इतर'वर खूण करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती.

या अकरा तक्रारी तशा सरळ होत्या. पत्र्यावर नारिंगी रंगाचे ओरखडे होते आणि नारिंगी रंग गाडीच्या पंखाचा असतो. बर्फगाडीला दोन पाती असतात. पुढचा फाळ रस्ता साफ करतो. उजव्या अंगाला पसरणारा पंख कडेचा बर्फ मागे ढकलतो. पेटी आली की चालक खटका ओढून पंख उचलतो, पेटी गेली की खाली सोडतो. म्हणजे पाते लागले होते, चौकट पहिली होती आणि अकरा पेट्या द्यायच्या होत्या. माझे काम तिथेच संपले असते.

पण त्या वर्षी खात्यावर डेंटनसाहेब नवे आले होते. राज्याच्या दक्षिणेकडून आले होते. तिकडे रस्ते सरळ असतात आणि हिवाळा वेळेवर आवरतो. आल्याआल्या त्यांनी फेऱ्यांचे वेळापत्रक हाती घेतले. जुन्या वेळापत्रकात कुठे कुठे मोकळ्या जागा होत्या. त्या का होत्या हे कोणाला सांगता आले नाही, म्हणून साहेबांनी त्या भरून टाकल्या. अकरा तक्रारींची चळत त्यांनी बुधवारी सकाळी माझ्यासमोर ठेवली आणि वर एकच नाव लिहिले : मातो व्रानेशिच.

मातो त्या रस्त्यावर बावीस वर्षे गाडी चालवत होता. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी पहाटे त्याने खात्याची गाडी चर्चच्या चरात घातली होती, आणि त्या पहाटेनंतर दारूला शिवला नव्हता. जिल्ह्यातल्या प्रत्येकाला या दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. पहिली थोडी जास्त ठाऊक होती.

"शनिवार, संध्याकाळ आणि हा माणूस," साहेब म्हणाले. "आणखी काय मोजायचंय तुम्हांला?"

मी म्हणाले की तीन गोष्टी एका ओळीत बसल्या म्हणजे कारण सापडले असे होत नाही. ते म्हणाले की समितीला तेवढे पुरते. जिल्ह्याची ही समिती मंगळवारी बसणार होती. मातोचा परवाना आणि नोकरी दोन्ही त्याच दिवशी जाणार होती. चाचणी घ्या, असे मी सुचवले. मातोने स्वतःहून सोमवारी नळीत फुंकून दाखवले होते, असे साहेबांनी सांगितले. पण सोमवारच्या श्वासातून शनिवार कळत नाही. हे त्यांचे म्हणणे मात्र बरोबर होते.

मातो गाडीखान्यात मिठाच्या ढिगाशेजारी उलट्या बादलीवर बसलेला सापडला. मांडीवर बायकोने दिलेली अक्रोडाच्या सारणाची पावाची गुंडाळी होती, तशीच न मोडलेली. माझ्या हातात वही पाहून तो हसला. खात्यात मला फूटपट्टीबाई म्हणतात.

"वही ठेवा, बाई," तो म्हणाला. "मी सही करणार आहे. प्यायलो होतो म्हणून."

"प्यायला होतात?"

"नाही."

मी वही मिटली. वर पत्र्यावर बर्फ घसरत होता, लांब श्वास सोडल्यासारखा.

"पिणाऱ्याला लोक ओळखतात," तो म्हणाला. "शिव्या देतात, सहा महिने बसवतात, मग येतो तो परत. पण मी जे बघतो ते सांगितलं तर मला परत कोण घेईल?"

मग त्याने सांगितले. बर्फ पडत असला की शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्यावरची घरे जागेवर नसतात. मागे जातात. लहान होतात, पाण्याकडे सरकतात, जणू उंबरा उचलून तळ्यापर्यंत चालत गेली आहेत. सगळी नाहीत, ट्रेम्बाथचे घर जिथल्या तिथे असते. आठवड्याचे इतर सहा दिवस सगळी नीट रांगेत असतात. पहिल्या शनिवारी त्याला वाटले, डोळे थकले. दुसऱ्या शनिवारनंतर तो डॉक्टरकडे जाऊन आला. डोळे ठीक होते, आणि तेव्हापासून त्याला झोप लागत नव्हती. समुद्रकाठच्या देशातून आलेल्या त्याच्या वडिलांनी शेवटची चार वर्षे खिडकीशी बसून 'समुद्र कुठे नेलात' असे विचारत काढली होती. तेव्हा वडिलांचे वय मातोच्या आजच्या वयाहून दोनच वर्षांनी जास्त होते.

"नोकरी गेली तर बायकोला तोंड दाखवता येईल," तो म्हणाला. "पण हे तिला कसं सांगू? तिनं सासऱ्याचं सगळं केलंय. परत तेच करायला लावू?"

घरे सरकत नाहीत. ती सरकलेली दिसली, तर ती दिसण्याला काहीतरी कारण असते. पाहणारा भ्रमिष्ट आहे, हे त्यांतले सर्वांत स्वस्त कारण होय, आणि स्वस्त वस्तू उलटून पाहून घ्यावी असे मला लहानपणापासून शिकवलेले आहे. मी त्याला एकच विचारले : पंख उचलला होता का?

"प्रत्येकाला उचलला. आईची शपथ."

शपथ मोजता येत नाही. उचललेला पंख मोजता येतो. पंख जिथे उचलला जातो तिथे कडेचा बर्फ छाटायचा राहतो आणि पांढऱ्या भिंतीला एक फुगवटा येतो. शनिवारनंतर आकाश स्वच्छ होते, बर्फ पडला नव्हता, गाडी गेली नव्हती. सही मंगळवारपर्यंत करू नका, एवढे त्याच्याकडून कबूल करून घेऊन मी गुरुवारी सकाळी तळ्याच्या रस्त्याला गेले.

थंडी इतकी होती की हवेतच सूक्ष्म स्फटिक तरंगत होते आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन फिके सूर्य उभे होते. मी चालत होते आणि माझ्या पावलांचा आवाज माझ्या जरा मागून येत होता. उभ्या राहिलेल्या तिन्ही पेट्यांपाशी फुगवटा पेटीच्या अगदी शेजारी होता, जिथे असायला हवा तिथे. पडलेल्या अकरा जागी तो पेटीच्या अलीकडे होता. कुठे एकतीस पावले, कुठे अडतीस, कुठे बावन्न. सर्वांत कमी चोवीस, सर्वांत जास्त एकसष्ट. काही घरांनी पडलेल्या पेटीच्या जागी बादली किंवा दुधाचा कॅन बांधला होता, काही जागी नुसता खड्डा होता. पण फुगवटा सगळीकडे होता. बावीस वर्षांची सवय समोर पेटी आहे की नाही हे पाहत नाही.

म्हणजे मातो खरे बोलत होता. त्याने चौदा वेळा पंख उचलला होता. त्यांतील अकरा वेळा, पेटी नसलेल्या ठिकाणी उचलून, पेटी येण्यापूर्वी खाली सोडला होता.

अकरांपैकी एक जागा माझ्या सैमी मावशीची होती : चव्वेचाळीस पावले. मावशी दारात उभी राहून मला मोजताना पाहत होती.

"मेलेल्या पेटीचे दिवस किती घालणार आहेस?" ती म्हणाली. "आत ये, कॉफी निवतेय."

तिने वेलदोड्याचा पाव कापला आणि खात्याचा, साहेबांचा आणि माझ्या शिक्षणाचा एकाच दमात समाचार घेतला. शनिवारी गाडीचा आवाज आला होता का, असे मी विचारले, तेव्हा तिने माझ्याकडे कीव येऊन पाहिले.

"आपण दोघी आतच होतो की गं. तूच तर दगडांवर पाणी ओतत होतीस."

ते खरे होते. मी दर शनिवारी साडेचारला मावशीकडे सौनाला, वाफेच्या न्हाणीला, जाते आणि सातनंतर निघते. गेल्या शनिवारी पेटी पडली तेव्हा मी तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, वाफेत, डोळे मिटून बसले होते. घटनेची साक्षीदार मीच होते आणि मी काहीही पाहिले नव्हते.

संध्याकाळी साहेबांना अकरा आकडे दाखवले. प्यालेल्या माणसाच्या चुका दोन्ही बाजूंना विखुरतात, असे मी म्हणाले. या सगळ्या एकाच बाजूच्या, सगळ्या अलीकडच्या आहेत. ते म्हणाले की अलीकडची चूकही चूकच असते. मग शनिवारी मी गाडीत बसते, असे मी सांगितले. त्यांनी खांदे उडवले.

मावशीला फोन करून येत नसल्याचे कळवले.

"आजारी आहेस?"

"कामाला जातेय."

"शनिवारी?" ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी दुपारपासून बर्फ लागला. सव्वापाचला आम्ही निघालो तेव्हा उजेड निळा होत होता, आणि तळ्याच्या रस्त्याला वळल्यावर तोही दाट झाला. गाडीच्या दिव्यांत असंख्य पांढऱ्या रेघा आमच्याकडे धावत होत्या आणि काचेपाशी येऊन वर वळत होत्या. काही मिनिटे त्या रेघांकडे पाहत राहिले की गाडी थांबलेली आहे आणि जगच सावकाश मागे ओघळते आहे असे वाटू लागते. हा दृष्टिभ्रम पाठ्यपुस्तकात दिलेला आहे. तरीही मी दोनदा पायाखालच्या पत्र्यावर टाच टेकवून पाहिली. फाळाखाली रस्ता गुणगुणत होता, झोपेत कोणी एकच सूर धरावा तसा.

पेट्या दिसत नव्हत्या. खांब, वाटा, झाडे, काहीच दिसत नव्हते. मी त्याला विचारले की मग तुम्हांला कळते कसे.

"कळतं," तो म्हणाला.

मी रस्त्याकडे पाहणे सोडून त्याच्या डोळ्यांकडे पाहू लागले. डावीकडे, समोर, समोर, आणि मग उजवीकडे, काचेच्या चौकटीच्या उभ्या पट्टीकडे. बर्फातून एक पिवळा, रुंद उजेड वर आला, काचेवरून सरकत त्या पट्टीला टेकला आणि त्याच क्षणी मातोच्या हाताने खटका ओढला. पंख वर गेला. चार श्वास. पंख खाली आला. मागे वळून पाहिले तर ट्रेम्बाथची पेटी डोक्यावर वीतभर बर्फ घेऊन जागेवर उभी होती. आपण दिवा पट्टीशी जुळवतो हे मातोला ठाऊक नव्हते. विचारले असते तर त्याने पुन्हा 'कळतं' म्हणूनच सांगितले असते.

पुढचा उजेड लहान होता. लालसर, खाली, दूर. खोल पाण्यात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा.

"बघा," मातो हळूच म्हणाला. "गेलं."

उजेड पट्टीला टेकला. हात हलला, पंख वर गेला. चार श्वास. पंख खाली आला. आणि मग, आम्ही मनात मागे टाकलेले ते घर उजव्या खिडकीतून खरोखर आले : काळे, मोठे, एकही दिवा नसलेले, आंधळ्या जनावरासारखे शांत. त्याच क्षणी पंखावर काहीतरी आदळले आणि एक बादली आमच्या दिव्यांतून तरंगत गेली.

मी थांबायला सांगितले. खाली उतरले तर बर्फ गुडघ्यापर्यंत होता. घर माझ्या समोर होते आणि ते जागेवरच होते. त्याच्या पलीकडे, थेट पाण्याच्या काठाशी, एक छोटी झोपडी आणि तिच्या दारावर टांगलेला कंदील होता. दार उघडले, पांढरी वाफ बाहेर लोटली, आणि त्या वाफेतून अंगाला पंचा गुंडाळलेली दोन माणसे बर्फात येऊन उभी राहिली. ती वर आकाशाकडे पाहत होती. अंगातून निघणारी वाफ सरळ वर जात होती. रस्त्यावर गाडी उभी आहे हे त्यांच्या गावीही नव्हते.

ते मी जन्मापासून पाहत आले होते, पण नेहमी आतून. आईचा नियम होता, आजीचाही होता आणि या रस्त्यावरच्या फिनलंडहून आलेल्या प्रत्येक फिनी घराचा होता : एका कुटुंबाला एक दिवा. सगळे सौनात गेले की घर मालवायचे. रिकाम्या घरात दिवा ठेवणे म्हणजे कोणाची तरी वाट पाहणे, आणि ते चांगले नाही. शनिवारी साडेचार ते सात या वेळात हा रस्ता बाहेरून कसा दिसतो हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते, कारण त्या वेळात आमच्यापैकी एकही जण बाहेर नसतो. तक्रारीच्या कागदावर 'घटनेच्या वेळी आपण कुठे होता' असा प्रश्न आहे. अकरा कागदांवर एकच उत्तर होते : सौनात. ते मी अकरा वेळा वाचले होते, आणि 'जमिनीवर होतो' असे कोणी लिहिले असते तर जेवढी थांबले असते तेवढीच थांबले होते.

मी परत गाडीत बसले आणि मातोला म्हणाले की घर मागे उभे आहे, जाऊन हात लावून या. तो खरेच गेला. भिंतीला तळहात टेकून बराच वेळ उभा होता. परत आला तेव्हा मिशीवर बर्फ होता. नंतर, सातव्या की आठव्या घराशी, त्याने विचारले :

"म्हणजे दिवा जातो?"

"दिवा जातो. घर नाही."

"बावीस वर्षं," तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी या रस्त्यावर कधी पाठवलंच नाही मला."

जुन्या वेळापत्रकातली मोकळी जागा ती होती. कोणा जुन्या अधिकाऱ्याला ठाऊक होते की त्या वेळी माणसे ओल्या अंगाने बाहेर असतात, आणि त्याने कारण लिहून ठेवले नव्हते.

रविवारी मी अकरा घरी गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सौनाच्या दारापर्यंतचे अंतर मोजले. मावशीकडे ते पंचेचाळीस पावले भरले. फुगवटा चव्वेचाळीसवर होता. बाकीचे दहाही दोन पावलांच्या आत जुळले. मातोच्या आसनावरून काचेची ती पट्टी अर्ध्या काटकोनात दिसते. म्हणून दिवा जितकी पावले आत जाईल, तितकी पावले आधी तो पट्टीला टेकतो. ट्रेम्बाथ फिनी नाहीत, कॉर्निश आहेत, त्यांना सौना नाही. उरलेल्या दोन उभ्या पेट्यांच्या घरी सौना स्वयंपाकघराच्या भिंतीलाच लागून होते.

आकडे जुळणे पुरेसे नव्हते. मला तीच चूक सोमवारी घडवून आणायची होती. मावशीला सांगितले की तुझी पाळी आली तर उद्या पाच वाजता घर मालव आणि सौनाचा कंदील लाव.

"सोमवारी?" मावशी म्हणाली. "शेजारी विचारतील, कोण गेलं? आमच्यात आडदिवशी कंदील लावतात तो मयताला आंघोळ घालायला."

"सांग की पेटीला घालतेय."

ती हसली नाही, पण कंदील लावीन म्हणाली. सहा घरे राजी झाली. प्रत्येक पेटीच्या जागी मी रिकामी बादली टांगली. आणि कोणत्या तीन घरांनी मालवायचे हे नाणे उडवून ठरवले, म्हणजे ते मातोला तर नाहीच, मलाही आधी ठरवता येऊ नये. सोमवारी बर्फ आला. निघण्यापूर्वी साहेबांनी स्वतः मातोला नळीत फुंकायला लावले आणि आकडा खिशात ठेवला. मग ते मधल्या जागेवर, मांडीवर टोपी ठेवून बसले. मी खिडकीशी बसले.

निळ्या बर्फातून दिवे येत गेले. काही पिवळे, रुंद. काही लालसर, खोल. मातोचा हात प्रत्येक वेळी हलला. तीन बादल्या उडाल्या आणि तीन राहिल्या. उडालेल्या तीन कोणत्या, ते मी घडी घातलेल्या कागदावर आधीच लिहिलेले होते. शेवटच्या घरानंतर तो कागद मी साहेबांना दिला. त्यांनी तो गाडीच्या दिव्याखाली उघडला, वाचला, आणि मागे वळून अंधारात गेलेल्या रस्त्याकडे पाहिले.

"पूर्वी शनिवारी कोण असायचं गाडीवर या वेळेला?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही," मी म्हणाले. "कोणी नसायचं."

त्यांनी खिशातून वेळापत्रक काढले आणि पेन्सिलीने शनिवारची एक ओळ खोडली. मातोने गाडी वळवली. मावशीच्या घरावरून परतताना खिडकीत पिवळा उजेड पुन्हा लागला होता आणि तिची सावली पावाच्या डब्याशी हलत होती. मातोने वेग कमी केला आणि त्या खिडकीकडे, ती पूर्ण मागे जाईपर्यंत, पाहत राहिला. मग खिशातून चौघडी कागद काढून मला दिला. त्याची कबुली होती ती. सही केलेली नव्हती.

मंगळवारी समितीपुढे ठेवलेल्या अकरा कागदांवर मी प्रथमच तिसऱ्या चौकटीत खूण केली, आणि तिच्यापुढे प्रत्येकावर तेच लिहिले :

'शनिवारी साडेचार ते सात या वेळात या घरातील माणसे स्वयंपाकघराचा दिवा मालवून तळ्याकाठच्या सौनात जातात. पडत्या बर्फात पेटी दिसत नसल्याने चालक तिची जागा घरच्या दिव्यावरून ठरवतो. दिवा आत गेल्यामुळे पंख तितकीच पावले आधी उचलला गेला, आणि पेटीपाशी पोहोचण्यापूर्वी खाली आला. चालक शुद्धीवर होता. त्याची दृष्टी ठीक आहे. घर जागेवर आहे.'